पाटावरची हार्ड डिस्क

सोजराबाईंची नोकरी घालवायचं पत्र मी लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला चांगलं वगैरे म्हणायच्या भानगडीत पडणार नाही. पत्र मुद्देसूद होतं, शुद्ध होतं आणि साफ चुकीचं होतं.

मी मृदुला. निघोज्याला गाड्यांच्या दारांची बिजागरं बनवणारा एक कारखाना आहे, तिथला कॉम्प्युटरचा सगळा विभाग मी सांभाळते. सगळा विभाग म्हणजे मी. सांगवीहून कंपनीच्या बसने येते, बसमध्ये झोपते आणि उतरल्यापासून लोकांवर ओरडते. पासवर्ड कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवला की ओरडते. अनोळखी ईमेलमधली लिंक उघडली की ओरडते. आमच्याकडे पाचशे माणसं, महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेली, आणि त्यातल्या चारशे जणांचा पासवर्ड म्हणजे कुलदैवताचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. गाव कुठलं एवढं विचारलं की मला त्या माणसाचा पासवर्ड सांगता यायचा. देवांवर एवढा भार टाकू नका, असं तीन वर्षं कानीकपाळी ओरडले. शेवटी सगळ्यांनी माझं ऐकलं आणि एक-दोन-तीनच्या पुढे चार लावला.

ईमेलच्या बाबतीत तर मी कोणाच्या बापाला भीत नाही. फालतू ईमेल आली की कचऱ्यात. गेटवर पाहुण्यांची नोंद करायची मशीन बसवली, ती पण माझीच करामत. पहारेकरी त्यात नाव, कोणाला भेटायचंय आणि काय काम आहे ते भरतो, आणि ज्याला भेटायचं त्याला ईमेल जाते, ‘आपले पाहुणे गेटवर आले आहेत.’ मशीन बसवली त्याच आठवड्यापासून मला रोज सकाळी सातला अशी एक ईमेल यायला लागली. मला कुठले आलेत पाहुणे? टेस्टिंगची एखादी नोंद काढायची राहिली असेल म्हटलं, आणि त्या ईमेली परस्पर कचऱ्यात जातील अशी सोय करून मोकळी झाले.

तर सोजराबाई. कंपनीत चहा आणि साफसफाई त्यांच्याकडे. मूळच्या भूमकडच्या, निघोज्यातच एका खोलीत भाड्याने राहतात. वय विचारलं तर ‘दुष्काळ पडला त्या साली आठ वर्सांची हुते’ असं सांगतात. कुठला दुष्काळ, ते तुम्ही ठरवायचं. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात किटली, आणि माझा एकही नियम न पाळण्याचा पक्का निश्चय.

आमचं भांडण सर्व्हर रूमवरून. सर्व्हर म्हणजे कंपनीची सगळी माहिती ज्याच्या पोटात असते ते कपाटाएवढं यंत्र. त्याच्या खोलीत बारा महिने एसी. ते पुढून गार हवा आत ओढतं आणि मागून गरम हवा सोडतं. हे समजायला मला इंजिनिअरिंगची चार वर्षं लागली, सोजराबाईंना एक दुपार लागली. दुसऱ्या दिवशी मी बघते तर सर्व्हरच्या पुढे ऑफिसातल्या बायकांचे गजरे आणि कोथिंबिरीची जुडी, आणि मागे कापडाने झाकलेलं दह्याचं भांडं.

“सोजराबाई! हे काय आहे?”

“दही हाय की.”

“ते दिसतंय मला! इथे का?”

“आवं म्याडम, मागनं कसं कोमट वारं येतंय बगा. थंडीत बी असं लागतंय, सुरीनं कापावं.”

मी दारावर अंगठ्याचं कुलूप बसवलं, म्हणजे ठसा जुळल्याशिवाय दार उघडणार नाही. बाईंचा अंगठा नोंदवायचा प्रश्नच नव्हता, पण नोंदवायला घेतला असता तरी जमलं नसतं. भांडी घासून घासून अंगठ्यावर रेघच राहिली नव्हती. त्याने काय फरक पडला? काही नाही. बाई दार वाजवायच्या, मी उघडायची, त्या दही आत ठेवायच्या, मी ओरडायची. आणि दुपारच्या डब्यात ते दही मीच खायची. आता खोटं कशाला बोलू?

बाई कंपनीत आल्या त्याच मुळी एका आठवड्यासाठी. आधीची चहावाली बाळंतपणाला गेली, तिच्या बदली. ती काही परत आली नाही आणि यांना जा म्हणायचं कोणाला सुचलं नाही. कंपनीचं फोटोचं ओळखपत्र मात्र निघालं नाही. कंपनी म्हणायची ठेकेदाराने काढावं, ठेकेदार म्हणायचा कंपनीने काढावं. अशी अकरा वर्षं गेली आणि अकरा वर्षं सोजराबाई रोज सकाळी गेटवर नाव सांगून, गळ्यात ‘व्हिजिटर’ लिहिलेलं कार्ड घालून आत येत राहिल्या. त्यांना ते फार लागायचं. वर्धापनदिनाच्या ग्रुप फोटोत ते कार्ड पदराखाली सारायच्या.

“पावनी हाय व्हय मी?” एकदा म्हणाल्या होत्या. “पावनी असते तर तुमी चहा केला असता मला.”

मी हसले आणि विसरले.

आता खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या पट्ट्यातल्या झाडून सगळ्या कारखान्यांत यंत्रांची पूजा असते. मशीन धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा. आमच्याकडे त्याशिवाय टूल रूममध्ये एक लांबच लांब पाट मांडतात आणि प्रत्येक विभाग आपापलं हत्यार त्यावर ठेवतो. फिटरचा पाना, वेल्डरचा चष्मा, स्टोअरची मापपट्टी, सोजराबाईंची किटली. आणि एक दंडक आहे, तो पाळला नाही तर जुनी माणसं जेवत नाहीत. पाटावर बसवलेलं हत्यार उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही आणि वापरायचं तर मुळीच नाही. दसऱ्याची सुट्टी झाली की शुक्रवारी उत्तरपूजा. त्यामुळे ते दोन दिवस आमचा चहा पातेल्यातून मिळतो.

त्या बुधवारी माझं डोकं आधीच तापलेलं होतं. पुढच्या सोमवारी ऑडिट होतं. ज्या मोठ्या गाडीवाल्यांना आम्ही बिजागरं देतो ते आता नुसतं बिजागर तपासत नाहीत, माहिती किती सुरक्षित ठेवता तेही तपासतात. तर मी सकाळपासून याच्या-त्याच्या मागे. सर्व्हर रूमला तोरण लावायला पोरांनी दाराला वीट लावून दार सताड उघडं ठेवलं होतं. विटेवरून ओरडले. अकराला पूजा झाली, प्लँट हेड उद्धवरावांच्या हस्ते. मीही पाटासमोर उभी राहिले, फुलांच्या ढिगावर हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटून ऑडिट पार पडू दे म्हणाले आणि पेढा खाल्ला.

चारला निघताना सवयीप्रमाणे सर्व्हरच्या मागे डोकावले. बॅकअपची हार्ड डिस्क जागेवर नव्हती.

ही डिस्क म्हणजे चपात्यांच्या डब्याएवढा काळा डबा. रोज संध्याकाळी सातला कंपनीची सगळी माहिती आपोआप त्यात उतरते, म्हणजे उद्या सर्व्हर बसला तरी मागे एक प्रत राहते. खरं तर नियम असा आहे की काम झालं की डिस्क काढून दुसरीकडे ठेवायची, जोडलेली ठेवायची नाही. हा नियम मी दर महिन्याच्या ट्रेनिंगमध्ये तावातावाने सांगते. आणि माझी स्वतःची डिस्क? दोन वर्षं तशीच जोडलेली. काढायला सर्व्हरच्या मागे वाकावं लागतं, आणि तिथे दही असतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

कॅमेऱ्याचं चित्रण काढलं. सव्वादहाला सोजराबाई उघड्या दारातून आत जातात, हातात रिकामं ताट. दोन मिनिटांनी बाहेर येतात, ताटात काहीतरी चौकोनी, वरून पदर झाकलेला. इकडे तिकडे बघतात. जातात.

फोन लावला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बारालाच एसटी धरून बाई तुळजापूरला गेल्या होत्या, दरसालच्या नेमाने. मी तडक उद्धवरावांच्या केबिनमध्ये गेले.

उद्धवराव माणूस देवमाणूस, पण सत्काराचा भुकेला. केबिनमध्ये चौदा मानचिन्हं आणि कपाटात शालींची चळत. म्हणाले, “मृदुला, सणासुदीला कशाला? बाई आली की विचारू.”

“साहेब, सोमवारी ऑडिट आहे! चोरी झाली आणि आपण काहीच केलं नाही असं दिसलं तर?”

चोरी हा शब्द मीच वापरला. पत्र मीच टाइप केलं. सोजराबाईंना शुक्रवारपासून कंपनीच्या आवारात प्रवेश नाही, कारण मालमत्तेची चोरी. साहेबांनी सुस्कारा टाकून सही केली आणि पत्र गेटवर सोनबाकडे गेलं. सोनबा निघोज्याचाच, कंपनी यायच्या आधी त्याच जागेवर म्हशी राखायचा, आता गेट राखतो. मला वाटलं, मी माझं कर्तव्य केलं. बसमध्ये झोप मात्र लागली नाही.

मी गेल्यावर उद्धवरावांनी काय केलं ते मागाहून कळलं. त्यांना एक ईमेल आली होती, ‘उद्योग शिरोमणी’ पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे, सोबतची फाइल उघडून आपला परिचय भरावा. त्यांनी उघडली. काही झालं नाही म्हणून पुन्हा उघडली. मग फोटो तरी जोडावा म्हणून तिसऱ्यांदा उघडली. दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्युटरवर हे चाललंच नसतं, कारण नवीन काही चालवायची परवानगीच कोणाला नाही. साहेबांना होती. ‘परवानगी नाही’ ही अक्षरं स्क्रीनवर दिसली की त्यांचा रक्तदाब वाढायचा, म्हणून मीच वैतागून कुलपाच्या सगळ्या किल्ल्या त्यांना देऊन टाकल्या होत्या. मोबाइलवर येणारा कोडही बंद करून दिला होता. घ्या!

शुक्रवारी सकाळी बसमधून उतरले तर अख्खी पहिली शिफ्ट बाहेर उभी. हजेरीच्या मशीनचा स्क्रीन लालभडक. आत गेले, सगळेच स्क्रीन लालभडक. ‘तुमच्या सर्व फाइलींना आम्ही कुलूप लावले आहे. बहात्तर तासांत खंडणी द्या.’ याला रॅन्समवेअर म्हणतात. चोर घरात शिरून काही नेत नाही, तुमच्याच कपाटांना स्वतःची कुलपं लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो. सुट्टीचा दिवस त्याला फार आवडतो, कारण घरी कोणी नसतं.

शिफ्ट हजेरीशिवायच आत घेतली. यंत्रं चालत होती, पण खोक्यांवर लावायची बारकोडची लेबलं छापता येईनात, आणि लेबलाशिवाय गाडीवाले माल घेत नाहीत. सात ट्रक गेटवर अडकले. त्यात कॅन्टीनच्या कुपनाची मशीनही बंद पडली, त्यामुळे पोहे मिळेनात. ऑर्डरी बुडतील याचं कोणाला काही वाटलं नाही, पोह्यांवरून मात्र घोषणा सुरू झाल्या.

इंटरनेटवर ठेवलेली दुसरी प्रत उघडली. ती इतकी आज्ञाधारक की इथे कुलूप लागताच तिनेही तिकडे स्वतःला कुलूप लावून घेतलं होतं. आता उरली ती काळी डिस्क. ती जोडलेली असती तर तिचंही तेच झालं असतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. पण ती जोडलेली नव्हती. ती सोजराबाईंनी नेली होती. आणि सोजराबाईंना मी आजच काढून टाकलं होतं.

मी गेटकडे पळत सुटले.

बाई गेटवरच होत्या. नवं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत तुळजापूरचं कुंकू आणि आपट्याची पानं. समोर सोनबा, दोन्ही हातांत पत्र धरून, चेहरा पडलेला. भोवती ट्रकचे ड्रायव्हर.

“सोजराबाई, तो काळा डबा कुठाय?” मी ओरडलेच.

“कुठला डबा?”

“सर्व्हरच्या मागचा! पदराखाली घालून नेलात तो! कॅमेऱ्यात दिसलंय मला!”

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग पत्राकडे. “सोनबा, काय लिवलंय त्यात? वाच की.”

सोनबाने अडखळत वाचलं. ‘चोरी’ शब्दाशी तो थांबला, पण बाईंनी मान हलवून पुढे वाचायला लावलं. वाचून झालं. मला देण्यासाठी काढलेलं आपट्याचं पान त्यांच्या हातात तसंच होतं.

“कुनी लिवलं हे?”

“मी.”

“सोनं घ्या, सोन्यावानी ऱ्हावा, म्हनायला आल्ते मी तुमाला,” त्या म्हणाल्या आणि पान पिशवीत परत ठेवलं. मला इतकी लाज वाटली, की काही बोलायच्याऐवजी मी सोनबावरच खेकसले, की ट्रकवाल्यांना मागे घे.

“डबा आत हाय,” बाई म्हणाल्या. “कुटं हाय ते आत यिऊन दावीन. हितं, चार मानसांम्होरं, चोराची जबानी देनार न्हाई. अकरा वर्सं पावनी म्हनून आले. आज चोर म्हनून यायची न्हाई. आदी ते पत्र फाडा.”

मी पत्र सोनबाच्या हातातून ओढलं आणि चार तुकडे केले. “झालं? चला आता. सोनबा, यांचा पास काढ.”

“मशीन बंद हाय, म्याडम. लाल झालंय.”

“मग वहीत लिही आणि सोड!”

“न्हाई जमायचं.” सोनबाने भिंतीवरचा कागद दाखवला. “नियम सात. मशीनवर नोंद न्हाई तर पावना आत न्हाई. तुमचीच सही हाय खाली. मागल्या साली त्या क्यालेंडरवाल्याला वहीत लिहून सोडला, तर मेमो दिला तुमी मला.”

“अरे बाबा, ती वेळ वेगळी होती!”

“मेमो फायलीत हाय अजून. आता आमी चुकायचं न्हाई. कंपनीचा मानूस आसंल तर गोष्ट येगळी. त्याला पास लागत न्हाई.”

तेवढ्यात उद्धवराव धापा टाकत आले. पुरस्काराची हकिगत त्यांनी मला तिथेच, खालच्या आवाजात सांगितली. मी एरवी त्यांना फाडून खाल्लं असतं, पण मी स्वतःच नुकतं एक पत्र फाडलं होतं, तोंड कुठल्या तोंडाने उघडणार?

“साहेब,” मी म्हटलं, “सोजराबाईंना कंपनीत घ्या.”

“आत घ्या म्हणतेस?”

“आत यायचं तर कंपनीतच घ्यावं लागेल. नोकरीत. आत्ता.”

“असं कसं? हेड ऑफिस आहे, मेडिकल आहे, मंजुरी आहे...”

सोजराबाई सोनबाच्या स्टुलावर जाऊन बसल्या आणि पिशवीतून पानाची चंची काढली. मागे सातही ट्रकांनी एकदम हॉर्न दिले. साहेबांचा फोन वाजला, गाडीवाल्यांचा, की माल कुठाय. आतून पोह्यांची घोषणा आली. उद्धवरावांनी सोनबाच्या टेबलावर वाकून कंपनीच्या लेटरहेडवर लिहायला घेतलं. अक्षर सुंदर आहे त्यांचं, सत्काराला उत्तरं लिहून लिहून झालेलं.

“हुद्दा काय लिहू?”

“काहीही लिहा, पण लवकर लिहा!”

त्यांनी लिहिलं, ‘माहिती सुरक्षा विभाग’. सही केली, शिक्का मारला. सोनबाने कागद उलटसुलट बघितला, मग ताठ उभा राहिला आणि सोजराबाईंना कडक सलाम ठोकला. बाई उठल्या, पदर सावरला आणि गळ्यात काही न घालता गेटातून आत आल्या. पुढे त्या आणि मागे आमची वरात. थेट टूल रूम, थेट पाट. झेंडूच्या ढिगात त्यांनी हात घातला आणि फुलं बाजूला केली. पाना, चष्मा, मापपट्टी, किटली, आणि किटलीच्या शेजारी, हळदकुंकवाने माखलेली माझी हार्ड डिस्क.

म्हणजे बुधवारी मी ज्याला डोळे मिटून नमस्कार केला होता, त्यात ती होती!

मी झडप घातली तर बाईंनी हातावर चापट मारली. “उत्तरपूजा झाल्याबिगर हलवायचं न्हाई!”

कंपनीवर दरोडा पडलेला, कोट्यवधींच्या ऑर्डरी टांगणीला, आणि आम्ही सगळे हातात अक्षता घेऊन उभे. उद्धवराव घाईघाईने मंत्र म्हणत होते. अक्षता टाकल्या, पाट जरासा हलवला, आणि बाईंनी स्वतःच्या हाताने डिस्क उचलून माझ्या ओंजळीत ठेवली.

“पण तुम्ही ही इथे ठेवलीत का?” मी विचारलं.

“दरसाली समद्यांचं हत्यार असतंय पाटावर. तुमचंच कायी नसतंय. मागल्या वर्सी इचारलं, तर म्हनालाव, माझं हत्यार म्हंजी माझं डोस्कं. आता डोस्कं कसं ठिऊ पाटावर?” सगळे हसले. “मंग ध्यान ठिवलं. रोज घरी जाताना तुमी त्या काळ्या डब्याच्या दिव्याकडं बगून मान हलविताव, आन् मगच पर्स उचलताव. म्हनलं, ह्येच आसंल म्याडमचं हत्यार. देवाला न्यायचं म्हनून झाकून नेलं, वाऱ्यावर उघडं न्यावं व्हय?”

मला रडू आलं. सगळ्यांसमोर, नाक लाल होईपर्यंत. कंपनीत पहिल्यांदाच मी ओरडण्याऐवजी रडले, तेव्हा लोक घाबरून आपापल्या मशीनवर गेले.

डिस्कच्या भोकात हळद बसली होती. किटलीचं तोंड साफ करायच्या कोरड्या ब्रशने बाईंनी ती काढून दिली. मग मी नेटवर्कला कधीही न जोडलेला एक जुना लॅपटॉप घेतला, त्यावर डिस्क लावली, देवाचं नाव घेतलं. मंगळवार संध्याकाळपर्यंतचं सगळं जसंच्या तसं होतं. सर्व्हर पुसून कोरा केला, सगळ्यांचे पासवर्ड बदलले, साहेबांकडच्या किल्ल्या काढून घेतल्या, सायबर पोलिसांत तक्रार दिली. संध्याकाळी पाचला पहिलं लेबल छापलं गेलं. चोरांना आम्ही छदामही दिला नाही. पोहे मात्र पाचलाही मिळाले, कारण कोणी घरी जायला तयार नव्हतं.

सोमवारी ऑडिटला आला मिहिर नावाचा तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. त्याने विचारलं, “नेटवर्कपासून तोडलेली बॅकअप प्रत ठेवता?”

“ठेवतो,” मी म्हटलं. “दर शुक्रवारी काढून वेगळ्या खोलीत जाते. दोन डिस्क आहेत आता, आलटून पालटून.”

“ती कोणाच्या ताब्यात असते?”

सोजराबाई चहा घेऊन आत आल्याच होत्या. मी बोट दाखवलं. मिहिरने त्यांच्याकडे बघितलं, टॅबकडे बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. “आणि मधल्या काळात त्या डिस्कला कोणी हात लावला, तर तुम्हाला कसं कळतं?”

“कुकू पुसतंय की,” बाई म्हणाल्या. “झाकनाच्या फटीवर लावते मी. कुनी नुसतं बोट लावलं तरी दिसतंय.”

 मिहिरने चहाचा घोट घेतला आणि टॅबवर खूण केली. सील आहे, समाधानकारक. आम्ही पास झालो.

त्याच दुपारी मी सोजराबाईंचं ओळखपत्र करायला बसले. विभागात आता आम्ही दोघी. नवीन कार्ड करायचं तर आधी गेटच्या मशीनमधून पाहुणी म्हणून असलेलं त्यांचं नाव काढायला हवं. नाव टाकलं. यादी खाली सरकायला लागली ती थांबेचना. तीन हजार दोनशे अठ्ठेचाळीस नोंदी. वेळ सकाळी सात. नाव, सोजराबाई. काम, चहा. कोणाला भेटायचे, मृदुला मॅडम.

प्रत्येक ओळीत. अकरा वर्षं. आणि प्रत्येक दिवशी मला ईमेल येत होती की आपले पाहुणे गेटवर आले आहेत, आणि ती मी कचऱ्यात टाकत होते.

बाईंना बोलावलं. “माझं नाव का सांगितलंत?”

“मशीन बी तवा नवंच हुतं. पयल्या दिवशी सोनबानं इचारलं, कुनाला भेटायचं? मला कुनाचंच नाव ठावं नव्हतं. तवा तुमी गेटातनं वरडत चालल्या हुत्या, सोनबा म्हनला ह्या मृदुला म्याडम. म्हनलं, घाल ह्यांचंच.” त्या जरा लाजल्या. “मंग तेच पडलं. तुमाला सांगाया पायजे हुतं का?”

मी उठले, पँट्रीत गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कंपनीत चहा केला. साखर जास्त झाली, दूध उतू गेलं. कप नेऊन त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “बया बया बया! म्याडम, तुमी आपलं डोस्कंच चालवा.”

एक वर्षापेक्षा जुन्या पाहुण्यांच्या नोंदी पुसून टाकाव्यात असा कंपनीचा नियम आहे. नियम अर्थातच माझा आहे, तो पाळायला मलाच अकरा वर्षं सवड झाली नव्हती, आणि तो मोडणाऱ्याला मेमो मिळतो. त्या तीन हजार दोनशे अठ्ठेचाळीस नोंदी मी पुसल्या नाहीत. त्यांची एक वेगळी प्रत काढून डिस्कवर ठेवली आहे. डिस्क सोजराबाईंच्या ताब्यात आहे, फटीवर कुंकू लावलेलं आहे, आणि कोणाला ती पुसायची असेल तर त्याने आधी त्यांच्याशी बोलावं.